ग्रुपवरची यादी

उकंडभाऊनं हिरवं बोंड माझ्या टेबलावर असं आपटलं की प्रिंटरवरचे कागद खाली उडाले.

"फोड ते," तो म्हणाला.

"भाऊ, माणसं बसली आहेत. फॉर्म भरून राह्यलो मी."

"फोड म्हणतो ना बे! बाहीरून कसं नवरीवानी दिसते पाह्य. आता आतून पाह्य."

मी नखानं बोंड फोडलं. आतल्या ओल्या कापसात एक गुलाबी अळी आरामात पडली होती, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी. तिनं नुसतं अंग हलवलं आणि परत खायला लागली. बाकावर बसलेली माणसं उठून टेबलाभोवती जमा झाली.

"बियाणं आणलं तवा दुकानदार म्हणे, या कपाशीले अळी शिवतच नाही. पिशवीवर बी तसंच लिवलं होतं. मंग हे कोण हाय? माह्या मामाचं पोरगं?"

लोक हसले. उकंडभाऊ हसला नाही. त्याचा आवाज चढला की समजावं, माणूस आतून भेलेला आहे. दसरा चार दिवसांवर होता, पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, डोक्याच्या वर गेली होती आणि पहिल्या वेचणीआधीच दहातली सहा बोंडं अशी निघत होती.

उकंडराव माझा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि त्या भिंतीतून त्याचं घोरणं मला लहानपणापासून ओळखीचं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. गावाखाली नाल्याच्या काठाला त्याचं पाच एकर काळं रान. पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारं आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारं. घरात बायको सत्यभामाबाई, आणि लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर झालेली एकच मुलगी, अर्पिता. ती नववीत होती.

"तुह्या त्या ग्रुपात टाक हे," उकंडभाऊ म्हणाला. "पाहू दे सगळ्यायले."

आता त्या ग्रुपाबद्दल सांगावं लागेल.

मी हरिओम. चिखलीच्या रस्त्यावरचं आमचं मोहखेड, तिथं फाट्यावर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा काढणं, विमा भरणं, दाखले, हेच माझं काम. चार वर्षांपूर्वी 'मोहखेड आपलं गाव' हा ग्रुप मी काढला आणि बघता बघता दोनशे चौदा माणसं त्यात आली. तलाठी आला, ग्रामसेवक आला, कृषी सहायक आला. आधी कोतवाल गावभर दवंडी देत फिरायचा आणि अर्ध्या गावाला कळायचंच नाही. आता टँकर किती वाजता येणार ते फोनवर. बोअरचा हातपंप मोडला तर मी फोटो टाकायचा, साहेब होकाराच्या अंगठ्याचं चित्र टाकायचे आणि तिसऱ्या दिवशी मिस्त्री हजर. ग्रामसभेला कोरम भरत नव्हता. आता नाल्याचं काम आधी घ्यावं की शाळेची भिंत, हे गाव ग्रुपवर ठरवायचं आणि ग्रामसेवक ते वहीत उतरवून घ्यायचे. तालुक्याला एका साहेबांनी मला स्टेजवर बोलावून शाल दिली. सरकार आता माझ्या खिशात राहते, असं मी गमतीनं म्हणायचो. खरं सांगतो, गमतीनं म्हणत नव्हतो.

तर मी अळीचा फोटो टाकला. उकंडभाऊला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं फोन तोंडाजवळ धरून विचारलं, "राम राम मंडळी. मी उकंडराव बोलून राह्यलो. अळीनं बोंडं पोखरून टाकली. कोणतं औषध मारू? ज्याले गुण आला असंल त्यानं सांगा. अन् कोणाच्या घरी उरलं असंल तं तेबी सांगा. आता दुकानात जाऊन चार डबे फोडणं मले परवडत नाही."

उरलेलं औषध एकमेकांना देणं ही आमच्याकडची जुनीच रीत. ताकाचं विरजण द्यावं तसं द्यायचं. डबा आणला, फवारणी झाली, तळाला थोडं उरलं, तर फेकायला कोणाचा हात होत नाही. पाण्याच्या, शरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवायचं. शेजाऱ्याला लागलं की द्यायचं. फरक एवढाच की आधी हे एका आळीत चालायचं, आणि ग्रुप आल्यापासून सगळं गाव एक आळी झालं.

उत्तरं धडाधड आली. कोणी म्हणे हे मार, कोणी म्हणे नुसत्या एकानं ही अळी मरत नाही, दोन मिसळ. बाहेरगावी कामाला गेलेल्या एकानं लिहिलं, आमच्या इकडं तीन मिसळतात. फकीर मोहम्मद म्हणाला, माझ्याकडं अर्धी बाटली आहे. तानुबाईनं नातवाकडून नाव लिहून पाठवलं, भावाच्या गावाहून आणलेलं थोडं आहे. मंजुळाबाईच्या घरचं आलं, आणखी एक आलं. सगळी नावं इंग्रजी, जिभेला न वळणारी.

मग मी माझी हुशारी केली. संध्याकाळी बसून सगळ्यांच्या मेसेजांतून जमवून एक नीट यादी तयार केली. औषधाचं नाव, कोणाच्या घरचं, पंपाला किती झाकणं. चार औषधं. खाली लिहिलं, 'आपलं गाव, आपला सल्ला.' टाळ्यांच्या चित्रांनी स्क्रीन भरून गेली.

कृषी सहायकाचा मेसेज तीन दिवस आधी येऊन पडला होता. औषधं एकमेकांत मिसळू नका, तोंड झाका, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका. त्याखाली मीच अंगठ्याचं चित्र टाकलं होतं. वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडभाऊ पहाटेच घरोघरून जमवलेल्या चार बाटल्या पिशवीत घेऊन निघाला तेव्हा मी दारात दात घासत होतो. सत्यभामावैनी त्याच्या मागं मागं आली.

"अवो, चिखलीच्या दुकानदाराले इचारून पाह्यलं असतं एकडाव. चार चार औषधी एका जागी कोणी करते काय?"

"दुकानदार एकटा हाय. इथं दोनशे चौदा लोकं हायेत. दोनशे चौदा लोकं चुकतीन काय?" मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "काय बे हरिओम? चुकतीन काय?"

"नाही भाऊ," मी तोंडातला फेस थुंकून म्हणालो. "बिनधास्त मारा."

ते आमचं शेवटचं बोलणं.

त्या दिवशी वारा नव्हता. पाऊस उघडून आठवडा झाला होता, जमिनीतून वाफ निघत होती. पऱ्हाटीत शिरलं की माणूस दिसत नाही, आणि आतली हवा हलत नाही. उकंडभाऊनं तोंडाला दुपट्टा बांधला होता. घामानं तो ओला झाला, श्वास घेता येईना, तेव्हा सोडून कमरेला गुंडाळला. हे वैनीनं नंतर सांगितलं. तिसऱ्या प्रहरी ती भाकर घेऊन गेली तर पंपाचा आवाज येत होता आणि माणूस दिसत नव्हता. कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात आडवा पडला होता. पंप पाठीवर तसाच, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या.

जीप करून त्याला चिखलीला नेलं. वैनी, दोन भाऊबंद आणि शाळेतून नुकती आलेली अर्पिता. मी जायला हवं होतं. माझ्या सेंटरवर विम्याची शेवटची तारीख होती आणि बाकावर माणसं होती, म्हणून मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी आलोच.

मग ग्रुपवर सुरू झालं. 'उकंडराव पऱ्हाटीत पडले.' 'फवारणीचं विष चढलं म्हणे.' 'कोणी सांगतलं होतं त्यायले चार मिसळाले?' 'अशात पोलीस केस होते.' आणि एकानं ती जुनीच नोटीस परत फिरवली, आपण सगळ्यांनी वाचलेली: ग्रुपवरच्या मजकुराला ॲडमिन जबाबदार राहील, अटक होऊ शकते. ती खरी की खोटी कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण ॲडमिन मी होतो, यादी माझ्या हातची होती, आणि खाली ऐटीत लिहिलं होतं, आपलं गाव, आपला सल्ला.

बायको, दोन पोरं, सेंटरचं लायसन, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एक गेलं नाही ते म्हणजे उकंडभाऊ. मी यादीवर बोट दाबलं आणि सगळ्यांच्या फोनमधून पुसून टाकली. मग बाटल्या देणाऱ्या चौघांना फोन केले. "तुमचा मेसेज पुसा. अन् बाटल्यायचं कोणी काही बोलू नका. कोणीबी इचारलं तरी मी दिलं नाही म्हणजा." दहा मिनिटांत सगळं साफ झालं. मी पाणी प्यालो आणि पुढचा फॉर्म भरायला घेतला.

साडेपाचला अर्पिताचा फोन आला. बापाच्या फोनवरून.

"काका, तुमची ती यादी पुन्हा टाका ना, लवकर! डॉक्टर म्हणते औषधाचं नाव सांगा. एकाचा उतारा दुसऱ्याले चालत नाही म्हणते. बाटल्या आणल्या आमी, पण त्यायच्यावर नावच नाही. एक तं शरबताची हाय."

माझ्या हातातला माऊस तिथंच थांबला.

"काका? मी जीपमध्येच यादी काढून ठेवली होती. डॉक्टरले दाखवाले. फोन घट्ट धरून ठेवला होता मी, अन् इथं येऊन पाह्यतो तं पुसली गेली. माहा आंगठा लागला असंल. तुमच्याकडं असंल ना, काका?"

"इकडंबी दिसत नाही, बाई," मी म्हणालो.

"काऊन? माह्याकडून पुसली म्हून सगळ्यायचीच गेली काय?"

मी सांगू शकलो असतो. एका श्वासाचं काम होतं. पण भीतीनं जीभ आधी हलली आणि माझ्या तोंडून निघालं, "हं. तसं होते कधी कधी."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "आता बाबाले काय देतीन?"

मी सेंटर तसंच उघडं टाकून पळालो. त्या चार नावांतलं एकही मला आठवत नव्हतं. मी ती नुसती उचलून चिकटवली होती. आधी तानुबाईकडं गेलो. ती दारातच म्हणाली, "कोणतं औषध? मी नाही दिलं बाप्पा काही."

"तानुबाई, तसं म्हणा म्हून मीच सांगतलं होतं. आता मीच इचारून राह्यलो. भाऊचा जीव जाऊन राह्यला, नाव सांगा!"

"तूच म्हणत होता, कोणीबी इचारलं तरी. तुह्यामागं पोलीस उभे असतीन." आणि तिनं दार लावलं. मी दार बडवलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मंजुळाबाईच्या घरी माणसंच शेतात गेली असं सांगितलं. चौथा गडी तर घरामागून निघून गेला, मला त्याची पाठ दिसली. चार वर्षांत गावाला मी एकच गोष्ट शिकवली होती, माझा निरोप आला की ऐकायचा. गावानं बरोबर ऐकला होता.

फकीर मोहम्मद ओट्यावर बसला होता. तोही नाही म्हणाला, पण माझ्याकडं न पाहता म्हणाला. तेव्हा आतून त्याची बायको सलीमाभाबी बाहेर आली.

"झूट कायले बोलून राह्यले तुम्ही? बाटली मी माह्या हातानं देल्ली त्यायले. सकाळी याच ओट्यावर चहा पिऊन गेला तो माणूस."

"अंदर जा सलीमा. केस होईन."

"होऊ द्या केस. मी सांगीन पोलिसाले, मी देल्ली म्हून." ती गोठ्यात गेली आणि कोळ्याची जाळी लागलेलं एक खोकं घेऊन आली. तिच्या घरच्या औषधाचं ते मूळ खोकं होतं. तिनं आढ्यावर तसंच ठेवलं होतं. "काढ फोटो, भय्या. जल्दी काढ."

मी फोटो काढून पाठवला. चारातलं एक. सलीमाभाबी तेवढ्यावर थांबली नाही. डोक्यावर पदर घेऊन माझ्याबरोबर तानुबाईच्या दारात परत आली आणि बाहेरून ओरडली, "तानुमावशी, माह्या घरचं नाव लिवलं गेलं. तुमचं लिवलं तं काय फासी होते?" दार उघडलं. तानुबाई रडत होती. तिला नाव येत नव्हतं, नातू चिखलीला क्लासला गेला होता, त्याचा फोन लागत नव्हता. तो लागला तेव्हा दिवे लागले होते. दुसरं नाव मी पाठवलं, तोवर उकंडभाऊला चिखलीहून मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. उरलेली दोन कधी मिळालीच नाहीत.

सकाळी साडेसातला तो गेला.

डॉक्टरांनी कोणाला काही म्हटलं नाही. नावं वेळेवर मिळाली असती तर वाचला असता, असं कोणीच म्हटलं नाही. नसता वाचला, असंही कोणी म्हटलं नाही. पोलीस आले, अपघाती मृत्यू असं लिहून गेले. ग्रुपचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. ज्याला भेऊन मी हे सगळं केलं, ते आलंच नाही. ग्रुपवर दिवसभर श्रद्धांजलीची फुलं पडत राहिली. तलाठ्यानं हात जोडले, कृषी सहायकानं हात जोडले. मला ते पाहवेना. मी फोन उलटा करून ठेवला.

माती देताना अर्पिता रडली नाही. बायका म्हणाल्या, पोरगी दगड झाली. मी तिच्यासमोर गेलो नाही. भिंतीपलीकडं आता रात्री घोरणं नव्हतं, आणि मला झोप नव्हती. रोज ठरवायचो, आज सांगतो. मग वाटायचं, तेरवी होऊ दे. तेरवी झाली. मग वाटायचं, वेचणी होऊ दे. उरलीसुरली बोंडं फुटली आणि वैनी एकटी कमरेला ओटा, म्हणजे कापसाची झोळी, बांधून वेचायला जायला लागली. पोरगी शाळेत जात नव्हती.

एके दिवशी दुपारी वैनी माझ्या सेंटरवर आली. ओट्यात तसाच कापूस.

"हरिओमभाऊ, घरी चाला बरं जरासे."

"काय झालं वैनी?"

"पोट्टी खात नाही. फोनले हात लावत नाही, तो वाजला तरी आंगावर काटा येते तिच्या. काल मले म्हणते, माय, बाबाले मी मारलं. म्या म्हटलं, कायची मारशीन तू? तं म्हणते, यादी माह्या आंगठ्यानं पुसली. हरिओमकाकानं सांगतलं, एकानं पुसली की सगळ्यायचीच जाते." वैनीनं ओट्याच्या टोकानं डोळे पुसले. "मले ते फोनचं काही समजत नाही. तुम्ही त्यातले शिकेल माणूस. तुमचंच आयकन ती. तुम्ही समजावून सांगा तिले."

मी उठलो. फाट्यापासून घरापर्यंतचा रस्ता वैनी पुढं, मी मागं. तिचा माझ्यावर केवढा भरवसा, हे तिच्या चालीतून दिसत होतं. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

अर्पिता अंगणात सरकी निवडत बसली होती. तोंड बारीक झालं होतं, गळ्याची हाडं दिसत होती. मला पाहून ती सवयीनं उठली आणि बाज पुढं ओढली. मी बसलो नाही.

"अर्पिता, ते तुह्याकडून नाही पुसलं गेलं."

तिनं वर पाहिलं.

"मी पुसलं," मी म्हणालो. "माह्या सेंटरवर बसून. तू जीपमध्ये होती तवा. तुह्या आंगठ्यानं काहीच झालं नाही. एकानं आपल्या फोनमधून पुसलं तं दुसऱ्याचं जात नाही, बाई. ज्यानं लिवलं त्यालेच सगळ्यायचं पुसता येते. लिवणारा मी होतो."

"काऊन?" एवढंच ती म्हणाली.

"भेलो."

वैनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या हातातून ओटा सुटला आणि कापूस पायांवर पडला. मला वाटलं, आता दगड येईल, शिवी येईल, निदान थुंकतील. मी त्यासाठी उभाच होतो.

पण अर्पिताचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तिनं उजवा हात वर केला, स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं, आणि तिच्या छातीतून असा हुंदका निघाला की गोठ्यातल्या बैलानं मान वळवली. ती धावत गेली आणि आईच्या कमरेला मिठी मारून, बाप गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं रडायला लागली.

"माय, म्या नाही पुसलं वं! माय, म्या नाही पुसलं!"

"नाही, माह्ये बाई, नाही. तू नाही पुसलं," वैनी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत राहिली.

मी अंगणात उभा होतो. मला कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही कोणी म्हटलं नाही.